पापणीआडची खूण

माझ्या वर्गात पुढच्या बाकावर एक मुलगी बसत असे. अभ्यासात ती मुळीच मागे नव्हती. परंतु दुपारच्या तासाला तिची मान हळूहळू खाली झुके, खेळाच्या तासाला ती पटांगणाच्या कडेला बसून राही, आणि वर्गात येताना जिन्याच्या मध्यावर थांबून धापा टाकी. मी तिला एकदोनदा सर्वांदेखत आळशी म्हटले. ते शब्द आजही मला टोचतात.

पावसाळा संपता संपता शाळेत आरोग्यतपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी तिला खिडकीपाशी, उजेडाकडे तोंड करून उभे केले. "वर आढ्याकडे पाहा हं, बाळ," असे म्हणत त्यांनी अंगठ्याने तिची खालची पापणी अलगद खाली ओढली. नंतर तिच्या मैत्रिणीचीही पापणी तशीच पाहिली आणि मला जवळ बोलावले. मैत्रिणीच्या पापणीची आतली बाजू चांगली तांबूस होती. हिची मात्र धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखी फिकट दिसत होती. "ही मुलगी आळशी नाही, गुरुजी," बाई म्हणाल्या, "हिच्या रक्तात लोह कमी असावे."

मुलांनो, सगळे अंग सोडून डॉक्टर पापणीच्या आतच का पाहतात? आपल्या त्वचेत रंगद्रव्य असते. कोणी गोरा, कोणी सावळा दिसतो तो त्यामुळेच. आणि हेच द्रव्य रक्ताचा रंग झाकून टाकते. पापणीच्या आतले अस्तर मात्र अतिशय पातळ व पारदर्शक असते. त्याखाली सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. म्हणून रक्ताचा तांबडेपणा तेथे उघड दिसतो.

हा तांबडेपणा हिमोग्लोबिन नावाच्या द्रव्याचा. फुप्फुसांतील प्राणवायू सर्व शरीराला पोहोचविण्याचे काम हेच द्रव्य करते, आणि ते तयार होण्यास लोह लागते. मोठ्या माणसाच्या शरीरात सारे मिळून अवघे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. तेवढ्यातही उणीव पडली की रक्त फिकट होते, स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही, आणि चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते.

डोळ्यांत आणखी एक खूण क्वचित आढळते. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग किंचित निळसर दिसतो. विल्यम ऑस्लर या नामांकित डॉक्टरांनी १९०८ साली या खुणेकडे लक्ष वेधले होते. लोहाअभावी ते पांढरे आवरण पातळ होऊन आतील गडद थराची छटा बाहेर दिसते, असे समजतात. परंतु तान्ह्या मुलांचे डोळे स्वभावतःच तसे असतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

तेव्हा डोळा सुचवितो, निर्णय देत नाही. डोळे आले असतील तर फिकट अस्तरही लाल दिसते. आणि थोडीशी उणीव असेल तर पापणी काहीच सांगत नाही. शिवाय रक्त कमी आहे एवढे कळले, तरी ते कशामुळे, हे कळत नाही. १९२८ साली डॉ. लूसी विल्स इंग्लंडहून मुंबईस आल्या. येथील गर्भवती स्त्रियांना, त्यांत कापडगिरण्यांतील कामगार स्त्रियाही होत्या, जडणाऱ्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. त्याचे कारण लोहाची नव्हे, तर दुसऱ्याच एका पोषकद्रव्याची उणीव होती. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रियांना गुण आला. त्या द्रव्याला पुढे फॉलिक आम्ल हे नाव मिळाले.

म्हणूनच बाईंनी त्या मुलीचे रक्त तपासण्यास पाठविले. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांत दर १०० मिलिलिटर रक्तात निदान १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असावे; हिचे ९ भरले. ती रोज अनवाणी शेतात जाई. ओल्या मातीतून अंकुशकृमी पायाच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतात. तिला कृमींचे औषध आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळावे, असेही बाईंनी तिच्या आईला सांगितले. पोरीला सर्वांत अवघड गेले ते चहा सोडणे!

संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन वर्गात आली. मी काही विचारण्याआधीच तिने खिडकीकडे तोंड केले, बोटाने आपली पापणी खाली ओढली आणि म्हणाली, "पाहा ना, गुरुजी!" पण मी ते आधीच ओळखले होते. जिना ती कोठेही न थांबता चढून आली होती.