वनांचे विखंडन आणि उपग्रहीय भूआच्छादन नकाशे

उपग्रह प्रतिमेवरून भूआच्छादनाचे वर्ग कसे पाडतात, हे आपण मागील भागात पाहिले. त्या नकाशातील वनवर्गाचे क्षेत्रफळ मोजले की वनांची स्थिती कळली, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात क्षेत्रफळ तेवढेच राहूनही वन खिळखिळे झालेले असू शकते. सलग वनाचे लहान, सुटे तुकडे होण्याच्या प्रक्रियेस विखंडन म्हणतात.

एक हिशेब करून पाहा. दहा किलोमीटर बाजूचा चौरस वनप्रदेश घ्या. क्षेत्रफळ १०० चौ. किमी. कडेच्या १०० मीटर पट्ट्यात ऊन, वारा, वणवा, गुरे आणि कुऱ्हाड यांचा शिरकाव होतो असे मानले, तर आतील गाभा ९.८ × ९.८, म्हणजे सुमारे ९६ चौ. किमी. उरतो. आता तेच वन प्रत्येकी एक चौ. किमी.च्या शंभर सुट्या चौरसांत विखुरलेले आहे असे समजा. प्रत्येकाचा गाभा ०.८ × ०.८, म्हणजे ०.६४; एकूण ६४ चौ. किमी. वन गुंठाभरही घटले नाही, गाभा मात्र एकतृतीयांशाने गेला. (१०० मीटर हे अंतर सोयीसाठी घेतले आहे, पक्षी, बेडूक, वृक्ष यांच्यासाठी ते निरनिराळे असते.)

तुकडे मोजताना संगणक परस्परांना लागून असलेले वनाचे पिक्सेल एका गटात घालतो. ‘लागून’ म्हणजे काय, हे मात्र अभ्यासकाने ठरवायचे असते. बाजूला बाजू भिडणारे चारच शेजारी धरले तर तुकडे अधिक भरतात. कोपऱ्यांत भिडणारेही धरून आठ मानले तर कमी. पिक्सेलचा आकारही तितकाच महत्त्वाचा. लँडसॅटचा ३० मीटरचा पिक्सेल ९०० चौ. मी. भूमी एकाच रंगात दाखवतो. त्यात झाडीतून जाणारा अरुंद रस्ता लुप्त होऊ शकतो. सेंटिनेल-२ च्या १० मीटर पिक्सेलमध्ये तो दिसण्याची शक्यता वाढते.

तरीही सर्वांत अवघड प्रश्न ‘वन कशाला म्हणायचे’ हाच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुका पाहा. तिलारीची वने गोव्यातील म्हादई आणि कर्नाटकातील भीमगड अभयारण्यांच्या वनपट्ट्याशी जोडलेली असून वन्य प्राण्यांच्या ये-जा करण्याचा तो मार्ग आहे. या तालुक्यात खाजगी वने तोडून रबर, काजू, अननस यांची लागवड झाली. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर क्षेत्र आणि दहा टक्के वा अधिक छत्रघनता असलेली भूमी, मालकी व वृक्षजाती कोणतीही असो, वनाच्छादनात मोडते. साहजिकच दाट रबरबागही त्यात बसते आणि तुटलेला दुवा नकाशावर अखंड हिरवा दिसतो. व्याख्या चुकीची नाही. ती आच्छादन मोजण्यासाठी आहे, भ्रमणमार्ग मोजण्यासाठी नव्हे.

रबर हिवाळ्यात पाने गाळून लवकरच नवी पालवी धरते, सदाहरित वन मात्र हिरवेच राहते. त्यामुळे एकाच प्रतिमेऐवजी ऑक्टोबर ते मार्चमधील अनेक प्रतिमा ताडून पाहिल्यास हे दोन वर्ग बऱ्याच अंशी वेगळे करता येतात. पानझडी वनाच्या बाबतीत ही कसोटी अपुरी पडते. तेथे प्रत्यक्ष स्थळपाहणीस पर्याय नाही.

स्वाध्याय : वरील उदाहरणात कडेचा पट्टा २०० मीटर धरून दोन्ही स्थितींतील गाभा क्षेत्र काढा. आपल्या तालुक्यातील कोणती लागवड उपग्रह प्रतिमेत वनासारखी भासेल, ते सकारण लिहा.