ताबा आणि मालकी

कलकत्त्याच्या उत्तरेस असलेले डमडम दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकन विमानदळांचे महत्त्वाचे ठाणे बनले. युद्धाला जागा लागते, आणि ती विकत घेण्याइतकी सवड नसते. अशा वेळी सरकारच्या हाती भारत संरक्षण नियमांपैकी 75-अ हा नियम होता. त्यान्वये खाजगी जमीन वा इमारत अधिग्रहित करता येत असे.

अधिग्रहण म्हणजे संपादन नव्हे. संपादनात मालकीच सरकारकडे जाते. अधिग्रहणात ती मूळ धन्याकडे राहते, जातो तो ताबा. आणि भरपाई साधारणपणे भाड्याच्या रूपाने मिळते. हा अधिकार तात्पुरता, हेच त्याचे समर्थन. युद्धकालीन कायद्याची मुदत 1946 च्या सप्टेंबरअखेर संपली. परंतु अधिग्रहित जमिनींवरील अधिकार चालू ठेवण्यासाठी 1947 मध्ये वेगळा कायदा करावा लागला!

फाळणीनंतर पूर्व बंगालमधील निर्वासित डमडमच्या परिसरातही मोठ्या संख्येने आले. त्यांच्या वसाहतींसाठी पश्चिम बंगालने 1948 मध्ये भूविकास व नियोजन कायदा केला. यात मात्र जमिनीचे संपादनच होणार होते. जमीन केव्हाही घेतली, तरी मोबदला 31 डिसेंबर 1946 च्या बाजारभावाहून अधिक द्यावयाचा नाही, असे त्यात म्हटले होते. निर्वासितांची निकड खरी होती. पण तिचा भार जमीनमालकाने एकट्याने का सोसावा? बेला बॅनर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1953 मध्ये ही मर्यादा अवैध ठरविली. मोबदला म्हणजे घेतलेल्या वस्तूचे न्याय्य मूल्य, असा अर्थ न्यायालयाने लावला. संसदेने त्यावर 1955 मध्ये चौथी घटनादुरुस्ती करून मोबदल्याच्या पुरेपणाचा प्रश्न न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढला. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तर मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतूनच वगळला.

दरम्यान 'तात्पुरते' या शब्दाचा अर्थ सैल होत गेला. मुंबईतील एक सदनिका 1951 मध्ये अधिग्रहित झाली. ती तीस वर्षे उलटूनही मालकाला परत मिळाली नव्हती. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे अनिश्चित काळाचे अधिग्रहण बेकायदा ठरविले. त्याच वर्षी कलकत्त्यातील एका जागेबाबतही, कायमची गरज असेल तर शासनाने रीतसर संपादन करावे, असे न्यायालयाने सांगितले. मुंबईत हा वाद 1994 पर्यंत चालला. अधिग्रहण अनंत काळ चालू शकत नाही, हे तेव्हा न्यायालयाने पुन्हा ठरविले आणि अशा जागांत राहणाऱ्यांना त्या सोडण्यासाठी मुदत घालून दिली.