रकान्यातला आकडा आणि समोरचं मूल

पुणे

चि. मनू हिस,


तुझं पत्र पोचलं. पाचवीच्या वर्गाची आरोग्यपत्रकं भरताना तू बीएमआयच्या रकान्यापाशी अडलीस आणि विचारलंस, "आत्या, हा आकडा मुलाची प्रकृती खरंच सांगतो का? आणि शेजारी शेरा काय लिहू?" फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण तुझ्या शेऱ्यावरून एखाद्या घरात पोराचं ताट बदलणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी उत्तर देते. बीएमआय मुलाच्या प्रकृतीचा निकाल देत नाही. वर्गातल्या कोणत्या मुलाकडे जास्त बारकाईने बघायला हवं, एवढंच तो सुचवतो. हे काम तो बऱ्यापैकी करतो, मात्र वापरणाऱ्याला त्याच्या मर्यादा ठाऊक हव्यात.

हे सूत्र आलं कुठून ते बघ. १८३० च्या दशकात बेल्जियममधले गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले 'सरासरी माणसा'चा अभ्यास करत होते. मोठ्या माणसांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापं तपासून या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' (बीएमआय) हे नाव दिलं. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, की झालं. केटले आणि कीज दोघांपुढेही माणसांचे समूह होते. वाढत्या अंगाच्या एकेका मुलाची प्रकृती ठरवायला हे सूत्र केलेलंच नव्हतं.

मुलांचं शरीर तर स्थिर नसतंच. पहिल्या वर्षात बाळसं धरतं तेव्हा बीएमआय वर जातो. मग मूल चालू-पळू लागतं, अंग सडसडीत होतं आणि आकडा उतरत जातो. पाच-सहा वर्षांच्या सुमारास तो सर्वांत खाली असतो आणि तिथून पुन्हा चढू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सहा वर्षांच्या मुलाचा मधला बीएमआय १५.३ आहे. मोठ्या माणसांच्या तक्त्यात हाच आकडा अतिकृश ठरेल! म्हणून १८.५ ते २५ हे मोठ्यांचे आकडे मुलांना कधीही लावू नकोस. मोबाइलवरचं एखादं गणकयंत्र वय आणि मुलगा-मुलगी विचारत नसेल, तर ते मुलांसाठी निरुपयोगी आहे असं समज.

मुलाचा आकडा त्याच्या वयाच्या आणि लिंगाच्या आलेखावरच ठेवावा लागतो. पाच वर्षांखालच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे आलेख वापरतात. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी 'इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स'ने २०१५ मध्ये सुधारित आलेख काढले. त्या कामात आपल्या पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. त्या आलेखावर वजन जास्त असल्याची आणि लठ्ठपणाची अशा दोन खास रेघा आहेत. मोठेपणी अनुक्रमे २३ आणि २७ या बीएमआयला जाऊन मिळतील अशा बेताने त्या आखल्या आहेत. आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका गोऱ्या लोकांपेक्षा कमी बीएमआयलाच सुरू होतो, म्हणून या रेघा खाली ओढल्या आहेत. तो आलेख मिळव आणि वर्गाच्या कपाटात ठेव.

आता हा आकडा कुठे फसवतो ते सांगते. तुझ्या वर्गात अशी तीन प्रकारची मुलं नक्की असतील.

पहिलं मूल बारीक दिसणारं. त्याचा आकडा ठीक असतो, पण अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त. इथे आपल्या मातीतलं संशोधन आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. इथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. वजनात एवढा फरक असूनही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाट्याला हाड, स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, हे याहून स्पष्ट कसं सांगणार? २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या देशव्यापी पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलांपैकी जवळपास ५ टक्क्यांचंच वजन जास्त भरलं, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोचलेली मुलं सुमारे १० टक्के निघाली. म्हणजे धोक्यातली किती तरी मुलं बीएमआयच्या चाळणीतून निसटतात.

दुसरं मूल बुटकं. समज, दहा वर्षांचा मुलगा आहे, उंची १२४ सेंटिमीटर आणि वजन २५ किलो. बीएमआय येतो १६.३. त्या वयाचा मधला आकडा १६.४, म्हणजे कागदावर सगळं ठाकठीक! पण त्या वयाची मधली उंची सुमारे १३८ सेंटिमीटर असते. हे मूल बऱ्याच वर्षांच्या अपुऱ्या पोषणाने किंवा जुनाट आजाराने खुंटलेलं असू शकतं. उंची आणि वजन दोन्ही मागे पडली, की भागाकार छान जुळतो आणि उपासमार झाकली जाते. म्हणून नुसता बीएमआय कधी बघू नकोस. उंचीचा आलेख आधी बघ. 'आईबाप बुटके, त्यात काय' असं म्हणण्याआधी निदान एकदा डॉक्टरांना दाखवायला सांग.

तिसरं मूल दणकट. कुस्तीच्या तालमीत किंवा कबड्डीच्या मैदानावर घाम गाळणारं, रुंद हाडाचं. त्याचा आकडा रेघेच्या जरा वर गेला तरी ती चरबी असेलच असं नाही. तसंच दहा-अकरा वर्षांच्या मुलीचं. पाळी सुरू होण्याआधी अंग भरतं. ते निसर्गाचं काम आहे, तिला त्याबद्दल कुणी बोलता कामा नये.

एवढं वाचून 'बीएमआय बिनकामाचा' असा समज मात्र करून घेऊ नकोस. ज्या मुलाचा आकडा लठ्ठपणाच्या रेघेच्या बराच वर आहे, त्याच्या अंगात बहुतेक वेळा खरोखरच जास्त चरबी असते. आपल्याकडे घरोघरी म्हणतात, 'खात्यापित्या घरचं लेकरू आहे, वयात आलं की उतरेल.' पण वयात येतानाही लठ्ठ राहिलेली बहुतेक मुलं पुढेही लठ्ठच राहतात. यकृतात चरबी साठणं, रक्तदाब वाढणं, मोठ्यांना होणारा मधुमेह शाळकरी वयात येणं, हे सगळं बालरोगतज्ज्ञ आज बघत आहेत. तेव्हा आकड्याची भीती नको, तशी आकड्याकडे डोळेझाकही नको.

मग तू काय करायचंस?

माप नीट घे. बूट काढायला लाव, मुलींचे अंबाडे सोडायला लाव, टाचा आणि पाठ भिंतीला टेकव, नजर समोर. उंचीतली चूक सूत्रात जवळपास दुप्पट होते. ३२ किलोच्या मुलाची उंची १३० ऐवजी १२८ लिहिलीस तर बीएमआय १८.९ चा १९.५ होतो, आणि मूल आहे त्याहून जाड कागदावर दिसतं. वय जन्मतारखेवरून महिन्यांसकट काढ.

एका मापावर कधीही मत बनवू नकोस. जूनमध्ये घे, जानेवारीत पुन्हा घे आणि दोन्ही बिंदू त्याच आलेखावर मांड. जे मूल वर्षानुवर्षं आपल्याच रेघेने चाललंय, ते बहुधा बरं आहे. जे एक-दोन रेघा ओलांडून झपाट्याने वर गेलं किंवा खाली घसरलं, तिथे थांब. मूल लठ्ठ होतंय पण उंची मात्र थांबली आहे, असं दिसलं तर मुळीच वेळ घालवू नकोस. जास्त खाण्याने लठ्ठ झालेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंच असतं. लठ्ठ आणि बुटकं असेल तर थायरॉइड किंवा दुसऱ्या ग्रंथीचा आजार तपासावाच लागतो.

मग मुलाकडे बघ. शिक्षिकेला जे दिसतं ते डॉक्टरला दहा मिनिटांत दिसत नाही. दोन जिने चढताना धाप लागते का? पीटीच्या तासाला कोण कायम झाडाखाली बसतं? कुणाच्या पापण्या आतून पांढरट आहेत, नखं फिकी आहेत? मघाच्या देशव्यापी पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या शंभरांतल्या सुमारे २८ मुलांत रक्त कमी आढळलं, आणि तो दोष कुठल्याही बीएमआयला असू शकतो. मानेची कातडी जाड आणि काळपट झाली आहे का, तेही बघ. आया ती घासून घासून लाल करतात, पण तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण आहे. वर्गात पेंगणारं मूल रात्री घोरतं का, हे त्याच्या आईला विचार. एक सोपं माप आणखी आहे: कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. पोटावरची चरबी सर्वांत घातक, आणि ती बीएमआयला दिसत नाही.

शंका वाटली तर पालकांना एकटं बोलाव. दरवर्षी शाळेत येणाऱ्या 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'च्या पथकापुढेही ते मूल आवर्जून उभं कर. रक्त तपासायचं का, काय तपासायचं, ते डॉक्टर ठरवतील.

आणि ताटाबद्दल. 'लठ्ठ' हा शब्द वाचून घरची माणसं पोराचं दूध आणि भाकरी बंद करतात. तसं होऊ देऊ नकोस. वाढत्या मुलाचं वजन उतरवण्याची बहुधा गरजच नसते. वाढतं वजन थोपवलं तरी पुरतं. १४० सेंटिमीटर उंचीच्या, ४२ किलोच्या मुलाचा बीएमआय २१.४ असतो. वर्षभरात उंची १४६ झाली आणि वजन तेवढंच राहिलं, तर तो १९.७ वर येतो. उपाशी न राहता! त्यासाठी पाकिटातला खाऊ, गोड पेयं आणि जेवताना समोर धरलेला मोबाइल एवढं गेलं पाहिजे. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, भाजी, अंडं किंवा दूध, फळ हे राहिलं पाहिजे. रोज निदान एक तास धावपळ आणि रात्री नऊ तासांहून कमी नाही अशी झोप हवी. आणि हे घरातल्या सगळ्यांसाठी. एका पोरालाच वेगळं ताट वाढलं, की ते चोरून खायला शिकतं.

शेवटी सर्वांत महत्त्वाचं सांगते. वजन कधीही सगळ्या वर्गापुढे मोठ्याने वाचू नकोस. 'जाड्या', 'ढोल्या', 'काडी पहिलवान' हे शब्द तुझ्या वर्गात चालू देऊ नकोस, आणि शिक्षकांच्या खोलीत कुणी म्हणालं तर तिथेही थांबव. चिडवल्याने कुणी बारीक होत नाही. उलट मूल मैदान सोडतं, डबा लपवून खातं, शाळेला दांड्या मारतं, आणि वयात येणाऱ्या मुली जेवण टाकून आजारी पडतात. आकड्यापेक्षा आकड्याच्या नावाखाली झालेल्या अपमानाने बिघडलेली मुलं मी माझ्या दवाखान्यात जास्त पाहिली आहेत.

तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात 'लठ्ठ', 'कृश', 'सुदृढ' असं काही लिहू नकोस. 'उंची-वजनाची वाढ नियमित आहे' किंवा 'डॉक्टरांना एकदा दाखवावं' एवढंच लिही, आणि पत्रक बंद पाकिटात पालकांच्या हाती दे. मुलाची प्रकृती ठरवण्याचा अधिकार त्या आकड्याला नाही, तुलाही नाही. पण कोणतं मूल वेळेत डॉक्टरांपर्यंत पोचेल, हे मात्र बऱ्याच अंशी तुझ्या हातात आहे. ते काम मनापासून कर.

तुझी,
आत्या