टणटणी आणि तिचे कीटक

उष्णकटिबंधीय अमेरिकेतील टणटणी, अर्थात घाणेरी (लँटाना कॅमारा), १८०९ च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली. पुढे तिने जंगले व कुरणे व्यापली. तिच्या नियंत्रणासाठी १९२१ मध्ये हवाईहून माशी मागविण्यात आली. तिच्या अळ्या फळातला गर खातात, परंतु पुष्कळ बी रुजण्याजोगे राहते. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून डेहराडूनला आणलेला जाळीदार पंखांचा ढेकूण चाचणीत सागाच्या फुलांवरही पोसला, म्हणून त्याची पैदास नष्ट करण्यात आली. तरीही तो निसटून पसरलाच. विलगीकरण किती काटेकोर हवे, हे यावरून कळावे. ढेकणाने निष्पर्ण केलेली झुडपे पावसाळ्यात पुन्हा फुटतात. शिवाय टणटणी ही बागायती संकरांची सरमिसळ असल्याने प्रत्येक वाण कीटकाला सारखाच मानवत नाही. तूर्त फळे धरण्यापूर्वी झुडूप जमिनीखाली, खोड-मुळाच्या सांध्याच्या खालून तोडणे अधिक भरवशाचे.