हजेरी : कार्डाची की बोटाची?

प्रस्तावना

वर्गात नाव पुकारले जाते, 'हजर' असे उत्तर येते आणि हजेरीपटावर एक खूण उमटते. कार्यालयात हीच खूण मस्टरवरील सहीच्या रूपाने होते. खूण लहान असली तरी पगार, रजा, शिष्यवृत्ती आणि परीक्षेस बसण्याची पात्रता तिच्यावर अवलंबून असते. आता पुष्कळ ठिकाणी ही खूण करण्याचे काम यंत्राकडे सोपवले जाते. यंत्र कार्डाचे घ्यावे की बोटाच्या ठशाचे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• हजेरीची नोंद कोणाकोणाच्या उपयोगाची असते, हे स्पष्ट करू शकाल;
• दोन्ही यंत्रांचे गुणदोष सांगू शकाल;
• एखाद्या संस्थेसाठी योग्य पद्धत सकारण सुचवू शकाल.

मूळ पाठ

जयपूरहून आग्ऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर कानोता हे गाव आहे. अशा गावातील एका शाळेची कल्पना करा. मुख्याध्यापकांपुढे दोन विक्रेत्यांची पत्रके आहेत. एकाचे म्हणणे, कार्ड जलद चालते. दुसऱ्याचे म्हणणे, बोट कोणाला उसने देता येत नाही. दोघांचेही खरे आहे. तरीही एवढ्यावरून निर्णय घेणे घाईचे होईल. हजेरीची खूण मुळात कोणासाठी असते, हे आधी पाहिले पाहिजे.

हजेरी कोणासाठी?

हजेरी म्हणजे मालकाने नोकरावर ठेवलेली नजर, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहत. कोणाला आत घ्यायचे, हे जॉबरच्या मर्जीवर असे. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने निवडक बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. जॉबरच्या मनमानीला आवर घालणे हा तिचा एक हेतू होता. म्हणजे कार्ड हा कामगाराच्या हातातील पुरावाही होता.

राजस्थानातील अनुभव याहून बोलका आहे. तेथे सरकारी कामांवरील मजुरांना पुरी मजुरी मिळत नसे आणि मस्टर पाहू दिले जात नसे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून जनसुनावण्या भरवल्या. तेथे मस्टरची नोंद गावासमोर वाचून दाखवली जाऊ लागली. जे कधी कामावर आले नाहीत त्यांची, इतकेच नव्हे तर मृतांचीही नावे मस्टरवर हजर आढळली! या चळवळीतून माहितीच्या अधिकाराच्या मागणीस बळ मिळाले आणि २००५ मध्ये देशभरासाठी तो कायदा झाला. ज्याची हजेरी, त्याला ती पाहता आली पाहिजे, हा या अनुभवाचा धडा आहे.

दोन यंत्रांची रीत

हजेरीच्या कार्डात एक सूक्ष्म चिप आणि तारेचे बारीक वेटोळे असते. कार्ड यंत्राजवळ नेले की यंत्रातून निघणाऱ्या रेडिओलहरींमधून वेटोळ्यास वीज मिळते आणि चिप आपला क्रमांक कळवते. यंत्र त्या क्रमांकापुढे वेळ नोंदवते. हे काम क्षणात होते. मात्र यंत्र कार्ड ओळखते, माणूस ओळखत नाही. एकाच मित्राच्या खिशात पाच जणांची कार्डे असली, तर पाचही जण हजर ठरतात.

बोटाच्या ठशाचा इतिहास आपल्याच देशाशी निगडित आहे. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका करारावर सहीऐवजी पंजाचा ठसा घेतला. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यास अंगुलिमुद्रा कार्यालय स्थापन झाले. ठशांचे वर्गीकरण करण्याच्या पद्धतीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता.

आजचे यंत्र बोटावरील रेषा कोठे संपतात आणि कोठे फुटतात, त्या जागा आकड्यांच्या रूपाने साठवते. बोट दर वेळी थोडे निराळे टेकते. त्यामुळे नवा ठसा जुन्याशी तंतोतंत जुळत नाही. तो 'पुरेसा सारखा' आहे काय, एवढेच यंत्र ठरवते. कसोटी कडक ठेवली तर खरा माणूस नाकारला जातो. सैल ठेवली तर परक्याचा शिरकाव होऊ शकतो. या दोन चुकांचा तोल साधता येतो, पण त्या पूर्णपणे टाळता येत नाहीत.

नाकारले जाण्याचा धोका कोणाला अधिक असतो? विटा वाहणारे, सिमेंट कालवणारे, भांडी घासणारे आणि वृद्ध यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. ज्यांचे पोट हातावर, त्यांचाच हात यंत्राला ओळखू येत नाही! शिवाय हरवलेले कार्ड रद्द करून नवे देता येते. बोट मात्र जन्मभर तेच राहते; त्याची माहिती चोरीस गेली तर ते बदलता येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, हे शाळांनी ध्यानात ठेवले पाहिजे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे केंद्र सरकारच्या कार्यालयांत बोट टेकवण्याची पद्धत थांबवून पुन्हा नोंदवही वापरावी लागली, हेही विसरता येत नाही.

पाठगत प्रश्न १
(अ) कार्डाच्या यंत्राची मुख्य उणीव कोणती?
(आ) बोटाच्या यंत्राची कसोटी कडक ठेवल्यास काय होते?

उदयपूरचे दोन अनुभव

यंत्र आले म्हणजे माणसे वेळेवर येतात काय? याचे उत्तर राजस्थानातीलच उदयपूर जिल्ह्यात सापडते. तेथे सेवा मंदिर ही संस्था खेड्यापाड्यांत एकशिक्षकी शाळा चालवीत असे. २००३ मध्ये शंभराहून अधिक शाळांपैकी सुमारे निम्म्या शाळांना तारीख व वेळ उमटवणारे कॅमेरे दिले गेले. शाळा भरताना आणि सुटताना एका विद्यार्थ्याने शिक्षकाचे मुलांसह छायाचित्र घ्यायचे, असा नियम होता. शिक्षकाचे वेतन या छायाचित्रांवरून मोजलेल्या दिवसांशी जोडले होते. कॅमेरे नसलेल्या शाळांत शिक्षकांची गैरहजेरी ४२ टक्के होती. कॅमेरे असलेल्या शाळांत ती २१ टक्क्यांवर आली. मुलांच्या अभ्यासातही सुधारणा दिसली.

त्याच जिल्ह्यात २००६ मध्ये सरकारी आरोग्य उपकेंद्रांतील परिचारिकांसाठी तारीख-वेळेचा शिक्का मारणारी यंत्रे बसवली गेली. आरंभी उपस्थिती पुष्कळ वाढली. परंतु पुढे आरोग्य विभागाकडून सुटीच्या आणि सवलतीच्या दिवसांची मंजुरी वाढत गेली. सुमारे सोळा महिन्यांनी यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत फरक उरला नाही. कॅमेऱ्याच्या नोंदीप्रमाणे वेतन ठरत होते. शिक्क्याच्या नोंदीला मात्र सवलतींनी निष्प्रभ केले. यंत्र खूण करते. त्या खुणेला वजन माणसेच देतात.

निवड कशी करावी?

कानोत्याच्या आपल्या कल्पित शाळेकडे आता पुन्हा वळू. मुख्याध्यापकांनी किंमत विचारण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. येथे खोट्या हजेरीची अडचण खरोखर आहे काय? यंत्राने खऱ्या माणसाला नाकारले, तर त्याची नोंद त्याच दिवशी कोण आणि कशी करील? ज्याची हजेरी, त्याला ती महिनाअखेरीस पाहता येईल काय? साठवलेली माहिती कोणाच्या हाती राहील आणि केव्हा पुसली जाईल?

मुलांचे वर्ग लहान असतील आणि शिक्षक प्रत्येकाला नावाने ओळखत असतील, तर तेथे मुलांचे ठसे साठवण्याचे कारण नाही. कार्ड किंवा साधा हजेरीपट पुरेसा आहे. मोठ्या कार्यालयात एकाच्या कार्डावर दुसरा हजेरी लावीत असेल, तर ठशाचे यंत्र उपयोगी पडेल. पण ज्यांच्या बोटांवरील रेषा पुसट आहेत, त्यांच्यासाठी तेथे कार्ड किंवा सहीची वही असलीच पाहिजे. दिवसभर राबलेल्या माणसाची मजुरी यंत्राच्या चुकीमुळे कापली गेली, तर ती हजेरी अचूक म्हणता येणार नाही.

पाठगत प्रश्न २
(अ) परिचारिकांसाठीच्या यंत्रांचा परिणाम का टिकला नाही?
(आ) मुख्याध्यापकांनी विचारावयाचे चार प्रश्न कोणते?

शब्दार्थ

मस्टर – हजेरी नोंदवण्याची वही
बदली कामगार – कायम कामगाराच्या जागी तात्पुरते काम करणारा
जॉबर – गिरणीत कामगारांची भरती व देखरेख करणारा मुकादम
अंगुलिमुद्रा – बोटाचा ठसा
निष्प्रभ – परिणामहीन

स्वाध्याय

१. 'हजेरी हा कामगाराचाही पुरावा असतो.' पाठातील दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'ज्यांचे पोट हातावर, त्यांचाच हात यंत्राला ओळखू येत नाही' या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
३. 'हजेरी घेणे' या वाक्प्रचाराचा 'खरडपट्टी काढणे' असाही अर्थ होतो. दोन्ही अर्थांनी वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या कामाच्या ठिकाणी हजेरी कशी नोंदवली जाते? तीत चूक झाल्यास दाद कोठे मागता येते, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.