छोटे विमान आणि दोन मोठ्या चुका : अपुरी तयारी व विचलित लक्ष



‘आरोग्य आणि अर्थ’ या सदरात रक्तदाब, मधुमेह आणि विमा यांच्या शेजारी विमान-अपघाताचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. आपण क्वीन्सटाउनच्या सदनिकांत राहणारी माणसे. आपला विमानाशी संबंध चांगीवरून मुंबईला जाण्यापुरता, असे आपण धरून चालतो. पण आता चित्र बदलले आहे. आपल्या परिचितांपैकी कोणाचा मुलगा वैमानिक होण्यासाठी ऑस्ट्रेलियात असतो, तर कोणाची भाची बारामतीला किंवा गोंदियाला शिकत असते. इथेच सेलेटारला युथ फ्लाइंग क्लबमध्ये शाळा-पॉलिटेक्निकमधील मुले उडायला शिकतात. शिवाय सुट्टीत डोंगर, बेटे किंवा हिमनदी पाहण्यासाठी चार-सहा आसनांच्या विमानात बसण्याची हौसही वाढली आहे.

मोठ्या विमानसेवेची सुरक्षितता आपण या छोट्या विमानांनाही मनातल्या मनात बहाल करतो. ते बरोबर नाही. मोठ्या विमानात दोन वैमानिक, जमिनीवर नियोजन करणारा स्वतंत्र विभाग आणि ठरलेली कार्यपद्धती असते. छोट्या विमानात पुष्कळदा एकच माणूस हवामान पाहतो, इंधन मोजतो, वजनाचा हिशेब करतो, विमान चालवतो आणि रेडिओवर बोलतो. म्हणून त्याची तयारी आणि त्याचे लक्ष या दोन गोष्टींना फार मोल आहे.

१. तयारी म्हणजे काय?

उड्डाणापूर्वीच्या तयारीत मुख्यतः तीन हिशेब असतात : हवामान, इंधन आणि वजन.

हवामान : पहाटे पश्चिमेकडून अचानक काळे ढग चालून येतात, वारा सुटतो, बाल्कनीतले कपडे उडतात आणि तास-दोन तासांत सारे शांत होते. यालाच ‘सुमात्रा स्क्वॉल’ म्हणतात. साधारण एप्रिल ते नोव्हेंबर या काळात ती येतात. आपल्याला त्यांचा उपद्रव कपड्यांपुरता. छोट्या विमानाला मात्र असा वारा उलथवू शकतो. म्हणून निघण्याच्या ठिकाणचे, वाटेतले आणि उतरण्याच्या ठिकाणचे, असे तिन्ही अंदाज पाहावे लागतात आणि मागे फिरायचे झाल्यास कोठे उतरायचे हेही आधीच ठरवावे लागते. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले असता खराब हवेत त्यांचे छोटे विमान उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ कोसळले आणि विमानातील आठही जण गेले. त्या बातमीचा धक्का अनेकांना अजून आठवत असेल.

इंधन : समजा, ३०० किलोमीटर जायचे आहे आणि विमानाचा वेग ताशी २०० किलोमीटर आहे. दीड तास लागेल. पण समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीवरचा खरा वेग १६० होतो आणि वेळ १ तास ५२ मिनिटे लागतो. अंतर तेच, पण २२ मिनिटांचे इंधन जास्त. त्यावर राखीव साठा हवा. अमेरिकेतील नियमांप्रमाणे, डोळ्यांनी पाहून करावयाच्या दिवसाच्या उड्डाणात किमान ३० मिनिटांचा आणि रात्री ४५ मिनिटांचा साठा राखावा लागतो. टाकीच्या काट्यावर विसंबून न राहता टाकीत प्रत्यक्ष पट्टी बुडवून पाहण्याची रीत याचसाठी आहे.

वजन : सेस्ना १७२ या चार आसनी विमानाच्या एका प्रचलित प्रकाराचे कमाल वजन सुमारे १,१५७ किलो आहे. त्याचे स्वतःचे वजन ७६० किलोच्या आसपास धरा. दोन्ही टाक्या भरल्या तर सुमारे २०० लिटर, म्हणजे १४४ किलो पेट्रोल. उरले २५३ किलो. प्रत्येकी ७० किलोची चार माणसे बसली, तर २८० किलो झाले, आणि बॅगा अजून मोजलेल्याच नाहीत. आसने चार आहेत म्हणून माणसे चार आणि टाक्याही पूर्ण, असे चालत नाही. वजन जास्त झाले की धावपट्टी जास्त लागते, चढण्याचा वेग कमी होतो. आणि वजन मागच्या बाजूला एकवटले तर विमान सावरणे कठीण होते. गरम हवा विरळ असते, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा फरक अधिक जाणवतो.

२. लक्ष विचलित होते म्हणजे काय?

छोटे विमान उतरताना त्याचा वेग ताशी १२० किलोमीटर असला, तर सेकंदाला ३३ मीटर झाले. खाली पडलेली पेन्सिल उचलण्यात पाच सेकंद गेले, की विमान १६५ मीटर पुढे गेलेले असते आणि त्या वेळात कोणी पाहिलेले नसते.

आपले शरीरही येथे दगा देते. रात्री किंवा ढगात क्षितिज दिसत नाही. तेव्हा कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय चुकीचा निरोप देऊ लागते; विमान हळूहळू एका अंगावर कलले तरी आपण सरळ बसलो आहोत असेच वाटते. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय होण्यास २० ते ३० मिनिटे लागतात, आणि एका प्रखर झोताने ती जाते. ३१ मे २०१४ रोजी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात एक सेस्ना १५० रात्रीच्या वेळी, ढग खाली उतरलेले असताना कोसळले. वैमानिक आणि प्रवासी दोघेही दगावले. त्याआधीच्या छोट्या फेऱ्यांत वैमानिक आणि त्याचे प्रवासी मोबाइलवर स्वतःची छायाचित्रे काढत होते आणि एकदा फ्लॅशही वापरला गेला, असे विमानातील कॅमेऱ्याच्या चित्रणातून दिसले. शेवटच्या फेरीतही मोबाइलमुळे लक्ष विचलित होऊन दिशाभ्रम झाला असावा, असा तपासयंत्रणेचा निष्कर्ष होता. रात्री प्रवासी नेण्यासाठी लागणारा अलीकडचा सरावही त्या वैमानिकाने पूर्ण केलेला नव्हता.

लक्ष जाते ते गंमतीमुळेच असे नाही, कामामुळेही जाते. २९ डिसेंबर १९७२ रोजी फ्लोरिडात ईस्टर्न एअरलाइन्सच्या मोठ्या विमानातील कर्मचारी पुढच्या चाकाचा दिवा का लागत नाही हे पाहण्यात गुंतले. स्वयंचलित यंत्रणेची उंची धरून ठेवण्याची क्रिया सुटली आणि विमान खाली चालले आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही. १०१ माणसे गेली. अशा अपघातांवरून धडा घेऊन अमेरिकेत १९८१ मध्ये नियम झाला : प्रवासी विमान १०,००० फुटांच्या खाली असताना कॉकपिटमध्ये उड्डाणाशी संबंध नसलेले बोलणे वा काम नको.

आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे २ सप्टेंबर २००९ चा आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या हेलिकॉप्टरचा अपघात. नल्लमलाच्या जंगलावर हवा अत्यंत खराब होती. चौकशी अहवालानुसार, तेलाच्या दाबासंबंधीच्या एका इशाऱ्यावर काय करावे, हे वैमानिक सहा मिनिटांहून अधिक काळ पुस्तिकेत शोधत राहिले. पुढे खाली खेचणाऱ्या वाऱ्याच्या जोरदार झोतात हेलिकॉप्टर सापडले. पाचही जण मृत्युमुखी पडले.

३. दोन चुका की एकच?

तयारी आणि लक्ष या दोन वेगळ्या बाबी वाटतात. प्रत्यक्षात त्या एकाच साखळीच्या कड्या आहेत. जमिनीवर जो प्रश्न सोडवला नाही, तो आकाशात सोडवावा लागतो. आणि तो सोडवताना विमानावरचे लक्ष उडते.

२६ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात रुग्ण नेणाऱ्या एका हेलिकॉप्टरचा अपघात याचा पाठच आहे. पहिल्या उड्डाणापूर्वी वैमानिकाने इंधन नीट तपासले नाही. रुग्णालयात उतरल्यावर इंधन कमी असल्याचे त्याला कळले. तरीही जवळच्या विमानतळापर्यंत पोहोचू, या हिशेबाने रुग्णाला घेऊन तो निघाला. मोसबी येथील विमानतळ सुमारे मैलभर राहिला असताना इंजिन बंद पडले. रुग्ण, परिचारिका, वैद्यकीय साहाय्यक आणि वैमानिक, चौघेही गेले. ज्या काळात तपासणी आणि उड्डाण चालू होते, त्याच काळात वैमानिक मोबाइलवर खासगी निरोपांची देवाणघेवाण करीत होता, असे तपासात निष्पन्न झाले. त्याचा थकवाही कारणांत नोंदला गेला. यात यंत्राचा दोष नव्हता, हे लक्षात घ्यावे.

म्हणून वैमानिकांना एक क्रम शिकवतात : आधी विमान सांभाळा, मग दिशा पाहा, मग बोला. उड्डाणानंतर दार किलकिले झाले, तरी बहुतेक छोटी विमाने व्यवस्थित उडत राहतात. अपघात होतो तो दार ओढण्याच्या धडपडीत वेग गमावल्यामुळे.

४. आपण काय करावे?

मुले प्रशिक्षण घेत असतील तर : भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि खर्च मोठा असतो. फोनवर आपण सहज विचारतो, “किती तास झाले? कधी संपणार?” काळजीपोटी विचारलेल्या या प्रश्नाचा मुलावर दाब येतो, आणि हवा खराब असतानाही ‘आज उडूनच टाकू’ असे त्याला वाटू शकते. त्याऐवजी विचारावे, “आज उड्डाण रद्द का केले?” आणि उत्तर ऐकून शाबासकी द्यावी. झोप झाली का, जेवला का, सर्दीची गोळी घेतली का, हेही विचारावे. सर्दीच्या काही गोळ्यांनी झापड येते.

स्वतः प्रवासी असाल तर :
- आपले व सामानाचे वजन खरे सांगावे. येथे संकोच नको.
- विमान चढताना व उतरताना वैमानिकाशी गप्पा मारू नयेत, मुलांनाही आवरावे. छायाचित्रांसाठी ‘जरा खाली घ्या ना’ असा आग्रह धरू नये. मात्र धोका दिसला, तर लगेच सांगावे.
- सहल रद्द झाली तर वाद घालू नये. पैसे परत मिळण्याची अट आधीच वाचून ठेवावी आणि परतीच्या मोठ्या विमानाच्या दिवशी अशी सहल ठेवूच नये. वेळेची घाई हीच पुष्कळ अपघातांची सुरुवात असते.

विमा : अनेक वैयक्तिक अपघात विम्यांत भाडे देऊन नियमित विमानसेवेने केलेला प्रवास धरलेला असतो, पण स्वतः विमान चालवणे, प्रशिक्षण घेणे किंवा मित्राच्या विमानातून जाणे वगळलेले असते. आयुर्विमा घेताना उड्डाणाचा छंद वा प्रशिक्षण लपवल्यास पुढे दावा अडचणीत येऊ शकतो. आपल्या पॉलिसीतील अपवादांचे कलम काढून वाचावे, कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. कर्ज काढून प्रशिक्षण चालू असेल, तर हे पहिल्या उड्डाणापूर्वीच करावे.

आणि ज्यांचा विमानाशी काहीच संबंध नाही, त्यांच्यासाठी : कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवर ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटार तीन सेकंदांत ५० मीटर जाते. मोबाइल हातात धरून गाडी चालवणे सिंगापुरात गुन्हा आहेच. पण रस्ता शोधणे, फोन लावणे, आरसे बसवणे ही कामे गाडी सुरू करण्यापूर्वी उरकली, तर नियम मोडण्याची वेळच येणार नाही. वैमानिकाला लावलेली शिस्त आपणही लावून घेतली, तर या लेखाचा उपयोग झाला असे म्हणता येईल.