पाखरांचा पाणवठा

फाल्गुन सरला की ओढे आटतात, विहिरींचे पाणी खोल जाते आणि गावाबाहेरच्या डबक्यांच्या जागी भेगाळलेला चिखल तेवढा उरतो. अशा दिवसांत अंगणात किंवा गच्चीवर पाण्याने भरलेले मातीचे परळ ठेवले, तर लवकरच चिमण्या, बुलबुल, साळुंक्या व होले यांना त्याचा सुगावा लागतो. पक्ष्यांना आपल्यासारखा घाम येत नाही. ऊन असह्य झाले म्हणजे ते चोच उघडून धापा टाकतात, आणि त्यामुळे त्यांच्या अंगातील पाणी झपाट्याने कमी होते. पिण्याइतकीच स्नानाचीही त्यांना ओढ असते. पिसांवरची धूळ निघून गेली, की पक्षी शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेल चोचीने घेतो व ते पिसांना लावीत बसतो.

परळ पसरट असावे. कडेला उथळ व मध्ये फार तर ५ सेंटिमीटर खोल. पितळी परात दिसावयास सुंदर खरी, परंतु ती उन्हात तापते, आणि तिच्या गुळगुळीत तळावर पाखरांचे पाय ठरत नाहीत. मातीचे भांडे खरबरीत असते. शिवाय त्यातून पाणी झिरपून सुकत राहिल्यामुळे आतले पाणी गार राहते. बादली किंवा पिंप उघडे ठेवणे तर धोक्याचेच. तहानलेले पाखरू त्यात घसरले, तर भिजलेल्या पंखांनी त्याला वर येता येत नाही.

भांडे सावलीत, परंतु दाट झुडपापासून दोन-तीन मीटर दूर ठेवावे. न्हालेला पक्षी जड होतो व चटकन उडू शकत नाही, ही गोष्ट झुडपाआड दबा धरून बसलेल्या मांजराला आपल्याहून अधिक ठाऊक असते! इवलासा शिंजीर मात्र परळाकडे क्वचितच फिरकेल. त्याला भिजलेल्या पानांवर अंग घासून न्हाणे आवडते. त्याच्यासाठी सकाळी जास्वंदीवर थोडे पाणी शिंपडले, तरी पुरे.

येथवर सारे सोपे आहे, आणि पुष्कळ लोक येथेच थांबतात. पाणी कमी झाले की वरून आणखी ओततात. भांडे काही धूत नाहीत. परंतु त्या भांड्यात दिवसभर काय काय घडते, ते पाहा. पाखरे त्यात न्हातात आणि त्यातच शिटतात. कावळा कोठून तरी वाळलेला पोळीचा तुकडा, कधी एखादे हाडही आणतो व मऊ होण्यासाठी पाण्यात बुडवून ठेवतो. चिमणी चोचीत थेंब घेऊन मान वर करते. होले व कबुतरे मात्र चोच पाण्यात बुडवून ते ओढून घेतात. कबुतरांच्या घशात एक अतिसूक्ष्म परजीवी आढळतो. तो लाळेबरोबर बाहेर पडला, की ओल्या जागी काही काळ जगतो, आणि त्याच पाण्याला किंवा दाण्याला चोच लावणाऱ्या दुसऱ्या पक्ष्याच्या घशात शिरू शकतो. मग त्या पक्ष्याचा घसा सुजतो. त्याला गिळता येत नाही. ब्रिटनमध्ये २००५ साली हा रोग ग्रीनफिंच नावाच्या हिरवट, चिमणीएवढ्या पक्ष्यांत शिरला, आणि पूर्वी बागोबाग दिसणारा तो पक्षी इतका घटला की २०२१ साली तेथील सर्वाधिक चिंतेच्या पक्ष्यांच्या यादीत त्याचे नाव घालावे लागले. लोकांनी प्रेमाने मांडलेले दाणे व पाणी यांभोवतीच पक्षी दाटीने जमत, आणि तेथेच रोगाला वाट मिळे.

या परजीवीला कोरडेपणा सोसत नाही. म्हणून दोन परळे बाळगावी. एक पाण्याने भरलेले असताना दुसरे घासून, धुऊन उन्हात पालथे घालावे, आणि दररोज त्यांची अदलाबदल करावी. डासांच्या बाबतीत मात्र नुसते ऊन पुरत नाही. डेंग्यू पसरविणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवितो. ती कोरडी पडूनही महिनोन् महिने टिकतात, व पुन्हा पाणी लागताच फुटतात. तेव्हा नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही. नारळाच्या शेंडीने आतली कड नीट खरवडावी लागते. ही शेंडी स्वयंपाकघरातील भांड्यांना लावू नये, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावे. भांड्याला मात्र साबण नको. डास होऊ नयेत म्हणून पाण्यावर रॉकेल किंवा तेल सोडण्याची काही जणांची रीत आहे. पाखरांच्या पाण्यात तसे मुळीच करू नये, कारण तेलाने पिसे चिकटतात व निकामी होतात.

एखादा पक्षी पिसे फुगवून, डोळे मिटून परळापाशी बसून राहिला आणि आपण जवळ गेलो तरी उडाला नाही, तर तो आजारी आहे असे समजावे. अशा वेळी भांडे काही आठवडे उचलून ठेवणे भाग आहे. भर वैशाखात ते जिवावर येते, हे खरे. परंतु पाखरे पांगली तरच रोग पांगत नाही. त्याचप्रमाणे, मुलांनो, ज्याच्या हातून रोज भांडे घासणे होणार नाही, त्याने ते न ठेवलेलेच बरे. परगावी जाताना शेजाऱ्याला हे काम सांगावे, नाही तर परळ रिकामे करून जावे.

मृगाचा पाऊस सुरू झाला, की डबकी भरतात आणि पाखरे आपोआप तिकडे वळतात. त्या दिवशी दोन्ही परळे घासून, वाळवून पडवीत पालथी घालावी. ती अंगणात उताणी राहिली, तर पावसाचे पाणी साठून त्यांत पाखरांऐवजी डासच येतील.